चारही ओलीस सुखरूप

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजवर रंगमंचावर मी कुणाची तरी धाकटी मुलगी झाले, कुणाची तरी दुसरी बायको झाले आणि एकदा तर पिंपळाचं झाडही झाले. ओलीस मात्र पहिल्यांदाच. प्रत्येक भूमिकेची एक वही ठेवायची ही माझी खोड, म्हणून ही नवी वही. वल्लरी, वय एकतीस, भूमिका : ओलीस. वर दुपारचं जेवण आणि चहा. प्रायोगिक नाटकांत सात वर्षं काढलेल्या बाईला अजून काय हवं?

काम सलिलने आणलं. सलिल आमच्या नाटकांची प्रकाशयोजना करतो आणि पुण्यात कुणाला काय हवं आहे हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. जंगलातल्या सशस्त्र बंडखोरांशी लढणारं पोलिसांचं एक विशेष पथक काही आठवड्यांसाठी पुण्यात आलं आहे. त्यांना आता इमारतीत शिरून लढायचं शिकायचं आहे. रानात ही मुलं आवाजावरून माणूस ओळखतात, पण जिना, लिफ्टचा खड्डा, फ्लॅटमधलं बाथरूम हे सगळं त्यांना नवं. सरावासाठी ओलीस म्हणून आधी जवानांनाच बसवून पाहिलं म्हणे. पण सहाफुटी जवान रडायला लागला की बाकीचे हसत सुटायचे. म्हणून आम्ही.

जागा वारज्याच्या मागे, टेकडीच्या पायथ्याशी. कोर्टकज्ज्यात अडकून अर्धवट राहिलेली सोसायटी. खिडक्यांना चौकटी नाहीत, जिन्याला कठडा नाही, पण दर्शनी भागावर हसऱ्या कुटुंबाचा फलक अजून आहे, उन्हाने पांढरा पडलेला. तिसऱ्या मजल्यावरचा एक हॉल ही आमची 'ओलिसांची खोली'. तिथे ओटा बांधून तयार आहे; नळ नाही.

आम्ही चौघं. मी, सलिल, सदाशिव पेठेतले श्यामसुंदरकाका आणि भाग्यश्री. काका बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी खलनायक करतात आणि आज येताना स्वतःची उशी घेऊन आले होते. भाग्यश्री कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिला वाटलं होतं, अभिनयाचं काहीतरी शिबिर आहे.

पथकाचे प्रमुख निरीक्षक मच्छिंद्र कोळपे. पन्नाशीचे, आणि इतकं हळू बोलतात की पुढे झुकून ऐकावं लागतं. त्यांनी नियम सांगितला. डोळ्यांवर पट्टी, भिंतीला टेकून बसायचं, गुडघे पोटाशी. कितीही आवाज झाले तरी हलायचं नाही. जवान येऊन हात धरून उठवेल तेव्हाच उठायचं. खऱ्या कारवाईत जो आपणहून उठतो, त्याला जवान शत्रू समजतात. मग खाली पार्किंगमध्ये मोजणी. ती साहेब स्वतः करतात आणि मोठ्याने सांगतात, चारही ओलीस सुखरूप.

काका म्हणाले, आमच्या बँकेतही असंच होतं, हिशेब जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. साहेब हसले नाहीत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फोन फाटकावर जमा करावे लागतात, आणि दोन सरावांच्या मध्ये आम्हाला खोलीतच बसवून ठेवतात. त्यामुळे वहीला भरपूर वेळ.

सराव कसा असतो? आधी नुसती शांतता. तीच सगळ्यात वाईट. मग खाली कुठेतरी एक बूट घसरतो. मग दार उडतं, कानात शिट्टी वाजायला लागते, धुराने घसा खवखवतो, आणि त्यातून हात येतात. दंडाला धरून उचलतात आणि पळवतात. जिना कधी संपला ते कळतच नाही. मी आज खरोखर रडले. सलिल म्हणाला, छान केलंस. मी त्याला सांगितलं नाही की मी काहीच केलं नव्हतं.

भाग्यश्रीने आज माझा हात धरून ठेवला होता. बिचारी घाबरली असणार. एवढ्या कोवळ्या मुलीचा तळवा इतका खरखरीत असेल असं वाटलं नव्हतं. आणि गारही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज सकाळच्या सरावात पुन्हा तो हात. मी पट्टीआडून हळूच म्हटलं, घाबरू नकोस ग. तर शेजारून अगदी बारीक आवाज आला.

"नेतील का वो आपल्याला?"

भाग्यश्री असं बोलत नाही. तिच्या बोलण्यात चारातले तीन शब्द इंग्रजी. मला वाटलं, पथकातली एखादी महिला पोलीस आमच्यात आणून बसवली असेल, खरेपणासाठी. मी नेतील हो, असं म्हटलं आणि हात दाबला. हाताला स्पिरिटचा वास होता, दवाखान्यात असतो तसा, आणि त्याच्याखाली धुराचा. आमच्या नकली स्फोटांचा कडू धूर नव्हे, लाकूड जळल्याचा.

खाली आल्यावर भाग्यश्रीला विचारलं. ती म्हणाली, मी तर पलीकडे ओट्याखाली होते, मला तिथेच बसायला सांगितलेलं. सलिलला विचारलं, पाचवं कोण होतं? तो म्हणाला, चौघंच. काका म्हणाले, धुरामुळे माणसाला बरंच काही ऐकू येतं, एकदा दवाखान्यात जाऊन कान दाखव.

मोजणी झाली. चारही ओलीस सुखरूप. आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा कोळपेसाहेब एकटेच पुन्हा जिना चढून वर जाताना दिसले. सलिल म्हणाला, ते दर वेळी जातात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

साहेबांना आज शहरात काम होतं, म्हणून त्यांनी मला जीपने नारायण पेठेपर्यंत सोडलं. मी शेवटी विचारलंच. खोलीत आमच्याशिवाय कोण असतं?

सिग्नलला गाडी थांबली, सुटली, पुन्हा थांबली. मग रस्त्याकडे बघतच त्यांनी सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात बंडखोरांनी माणसं कोंडून ठेवली होती. आत सात जण आहेत अशी पक्की खबर होती. पथक शिरलं. कोळपे तेव्हा तुकडीचे प्रमुख. आत शिरताना त्यांनीच ओरडून सांगितलं होतं, कुणी उठू नका, आम्ही हात धरून नेऊ. गोळीबारात आग लागली. डोळे बांधलेली सात माणसं बाहेर काढली, त्यांनी स्वतः मोजली आणि वायरलेसवर सगळे सुखरूप म्हणून कळवलं. सगळे मागे सरकले. तळावर पोचून पट्ट्या सोडल्या, तेव्हा सातांतला एक जण बंडखोर निघाला. बंदूक टाकून, स्वतःचेच डोळे बांधून तो भिंतीशी बसला होता.

"आकडा बरोबर होता," साहेब म्हणाले. "माणूस चुकला."

आत राहिल्या होत्या त्या केंद्रातल्या नर्स. सोजरबाई. त्या जागेवरून उठल्याच नव्हत्या. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, सांगितलं होतं तशा. मूळच्या इथल्याच, वारजे गावठाणातल्या. बदलीवर तिकडे गेलेल्या. त्यांच्या यजमानांना सांगायला साहेब स्वतः आले होते. त्या माणसाने काही विचारलं नाही, तांब्याभर पाणी आणून दिलं. ते पाणी आपल्याला प्यावं लागलं, असं साहेब म्हणाले.

तेव्हापासून हे पथक कुठेही सराव करो, मोजणी झाली की साहेब पुन्हा वर जातात. बाई दिसत नाहीत. वास येतो. खोली भरलेली वाटते. ते हात पुढे करून म्हणतात, बाई, चला. पण हातात कुणाचाच हात येत नाही.

"तोवर मोजणी पुरी झालेली असते ना," ते म्हणाले. "मग त्यांना जागाच उरत नाही."

मी जीपमधून उतरले. साहेबांनी नेहमीच्याच हळू आवाजात सांगितलं, उद्या सुट्टी, परवा वेळेवर या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काम सोडावं असं ठरवून उठले होते आणि तरी आले. का, ते नीट सांगता येत नाही. भीती आहेच. पण अकरा वर्षं कुणी तरी उठवेल म्हणून बसून राहायचं, हे डोक्यातून जात नाही.

आज मी पट्टी थोडी वर सरकवली. दार उडायच्या आधी, लख्ख उजेडात. त्या माझ्या डाव्या हाताला बसल्या होत्या. पांढरं पातळ, एका बाजूने काळं झालेलं. केसांचा घट्ट अंबाडा. डोळ्यांवर पट्टी. तोंड दाराकडे. शाळेत निरीक्षक यायचे असले की मुलं बसतात तशा सरळ, शहाण्यासारख्या बसलेल्या. मी किंचाळणार होते, पण त्यांनी मान थोडी वळवली आणि विचारलं, आले का वो? आणि मला रडूच आलं.

मी ठरवलं आहे. जवान माझ्यापाशी आला की त्याच्या हातात आधी त्यांचा हात द्यायचा. मोजणीच्या आधी. मग तो माझ्यासाठी परत येईलच. खाली पाच भरतील, साहेब बघतील, आणि हे संपेल. साहेबांना आधी सांगितलं तर ते नको म्हणतील, म्हणून सांगत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी. दुपार

केलं. जवान आला. मी चाचपडत तो गार हात उचलला आणि त्याच्या हातात ठेवला. त्याने तो घट्ट धरला. शेजारी कुणी तरी उठल्याचा आवाज झाला, पातळाचा नाही, सलवारीचा. पावलं जिन्यावरून गेली.

मी वाट बघत बसले. कुणी परत आलं नाही. पट्टी काढली. खोलीत धूर आणि मी. मग खालून साहेबांचा आवाज आला, एरवीपेक्षा मोठा.

चारही ओलीस सुखरूप.

वाटलं, गंमत चालली आहे. खिडकीच्या भोकाशी गेले. खाली सलिल, काका, भाग्यश्री. आणि मी. माझा पिवळा कुर्ता, माझी वेणी. सलिलने चहाचा कप पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्यांदाच चहा बघावा तशी त्याकडे बघत राहिली.

मी ओरडले. भाग्यश्रीने एकदा वर पाहिलं. थेट माझ्याकडे. मग उन्हामुळे डोळे मिटले आणि गाडीत बसली.

पिवळा कुर्ता माझ्याही अंगात आहे. वही मांडीवर आहे. मी इथेच आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दाराशी जाता येतं. उंबऱ्यापर्यंत. पाय उचलला की मी भिंतीला टेकून बसलेली असते. गुडघे पोटाशी. मध्ये काय होतं ते कळत नाही. पाऊल पडतच नाही, एकदम भिंतच पाठीला लागते.

पळत गेले. डोळे मिटून गेले. सरपटत गेले.

भिंत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

भूक नाही. तहान नाही. हे चांगलं लक्षण नाही, एवढं कळतं.

खिडकीतून उडी मारायचा प्रयत्न केला. भिंत.

वेळ जावा म्हणून जुन्या नाटकांतली वाक्यं म्हणत बसले. अर्ध्यावर आवाज थांबला. आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नव्हतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सराव होता. चौघं वर आली. ती पण आली, आणि माझ्याच जागेवर, माझ्या अगदी शेजारी बसली. सलिल तिला वल्लरी म्हणत होता. ती हो, हो म्हणत होती.

शांतता झाल्यावर मी तिला म्हटलं, सोजरबाई, माझं ऐका. मी तुम्हाला मदत केली. आज मला हात द्या, आपण दोघी जाऊ.

तिने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले.

"मला परत बसवू नका, ताई," ती म्हणाली. माझ्या आवाजात. "माझा माणूस अजून हाय. म्हातारा झालाय. कालच लांबून बघितला."

मी तिचा दंड धरला. गरम होता. मी धरलं, तेव्हा ती मोठ्याने रडली. दार उडलं. जवानाने तिला उचललं. मी त्याच्या हाताला लोंबकळले. त्याने नुसती मनगटावरची माशी झटकावी तसा हात झटकला.

चारही ओलीस सुखरूप.

मग साहेब वर येतील. सोमवारी आले नव्हते, पण एरवी ते दर वेळी येतात. त्यांना कळेल.

साहेब आलेच नाहीत.

सोमवार, २४ फेब्रुवारी

ती काम सोडून गेली. सलिल काकांना सांगत होता, वल्लरीने नारायण पेठेतली खोली सोडली, वारजे गावठाणात कुणा म्हाताऱ्याकडे राहायला गेली, त्याला भाकऱ्या करून घालते, नाटकाचं नाव काढत नाही. काका म्हणाले, बरं झालं, नाटकात तिचं पोट भरत नव्हतंच. मग थोड्या वेळाने म्हणाले, पण एक फोन तरी करायचा माणसाने.

माझ्या जागी आज भाग्यश्री.

शेजारीच. तिचा हात मांडीवर पडलेला, उघडा. मी धरला. तिने पटकन माझा घट्ट धरला. म्हणाली, कोण आहे?

एवढंच करायचं होतं. मी विनवलं असतं तर तिने ऐकलं असतं. चांगली मुलगी आहे. तिने माझा हात जवानाच्या हातात दिला असता आणि मी आत्ता लक्ष्मी रोडच्या गर्दीत असते.

मी हात सोडला. तिच्या कानाशी सांगितलं, कुणाचा हात धरू नकोस. परत इथे येऊ नकोस.

ती किंचाळून उठली. सराव मोडला.

भाग्यश्री आता येणार नाही. तेवढं तरी —

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पथक निघालं. खाली ट्रक भरताहेत. गाद्या, दोरखंड, दारं.

साहेब वर आले. शेवटी आले. बूट दाराबाहेर काढले. खोलीच्या मध्यभागी उभे राहिले, हात जोडले, आणि मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. वास शोधत होते.

"बाई, गेलात ना," ते म्हणाले. "आज खोली रिकामी आहे."

मी त्यांच्यासमोर उभी होते. एका वितीवर. नाव सांगितलं, माझं, सलिलचं, नाटकांची. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ते रडत होते आणि हसत होते. अकरा वर्षांनी माणूस असा हसत असेल, तर त्याला काय —

त्यांना माझा वास येत नाही. त्यांनी मला मागे सोडलेलं नाही ना. त्यांच्या मोजणीत मी कधी कमी पडलेच नाही.

जिना उतरताना ते काहीतरी गुणगुणत होते.

मार्च. तारीख नक्की नाही

कुणी नाही. समोरच्या टेकडीवर सकाळी माणसं फिरायला येतात. एक जण कुत्रा घेऊन येतो. कुत्रा इकडे बघून भुंकतो. तो त्याला ओढतो.

लिहिताना अक्षर वाकडं येतं. पेनचं —

बसायचं नाही असं ठरवते. उभी राहते. मग बसलेली असते.

नंतर

माणसं आली! खाली ट्रक, विटा, वाळू. कोर्टाचा निकाल लागला म्हणे. सोसायटी पुरी करणार. हॉलची नवी आखणी आहे. हा कोपरा लिफ्टच्या भिंतीत घेणार, असं दोघं बोलत होते.

हा कोपरा. माझा.

नंतर

दोन गवंडी. एक शीळ घालतो. माझ्या पायांपासून हातभर अंतरावर दोरी धरली. विटांचा पहिला थर. मी ओलांडून गेले. भिंतीला टेकलेली होते. थराच्या आत.

नंतर

भिंत छातीएवढी. शीळवाल्याशी बोलते आहे. दादा म्हणते, मामा म्हणते. तो विटेवर पाणी मारतो. पाणी माझ्या पायावर येतं. ते गार लागतं. लागतं! म्हणजे मी अजून —

उजेड आता वरून. पट्टीएवढा. वही वर धरून लिहिते आहे

दोन विटांची जागा राहिली

शीळ थांबली. त्याने डोकं आत घातलं आहे. बघतो आहे. बरोबर माझ्याकडे बघतो आहे. मी हात वर केला. दादा, हात द्या, नुसता हात. त्याने हात आत घातला. माझ्या बोटांच्या पुढे, एवढासा, सिमेंटने माखलेला. खाली पडलेली थापी चाचपडतो आहे. अजून थोडं. मी चवड्यांवर उभी आहे. बोटं लागली, त्याची बोटं लाग